दुसरी रेघ

काच कापणाऱ्यांच्या धंद्यात एक नियम आहे. हिरा काचेवरून एकदाच फिरवायचा. हिरा म्हणजे लाकडी मुठीचे, टोकाशी बारीक चाक बसवलेले हत्यार. खरा हिरा त्यात कधीकाळी असायचा, आता नाव तेवढे उरले आहे. त्याने काच कापली जात नाही. तिच्यावर केसाएवढा ओरखडा उमटतो, आणि मग दोन्ही हातांनी दाब देऊन त्या ओरखड्याच्या वाटेने तुटायला तिला राजी करावे लागते. रेघ कच्ची राहिली असेल या शंकेने तीच रेघ दुसऱ्यांदा ओढली, की काच दोन हुकमांत गोंधळते आणि तिसरीकडेच तुटते.

या नियमाशी जिचा उभा दावा होता, अशी एक मुलगी लग्न होऊन नेमकी काचेच्या दुकानात आली.

बाजारात तिला सगळे वहिनी म्हणत. दुकानाच्या पुढच्या भागात गिऱ्हाइकांशी बोलणारा धाकटा दीर तिला वहिनी म्हणे, म्हणून शेजारचा चाव्या बनवणारा म्हणू लागला, त्याचे ऐकून समोरचा शिंपी, आणि होता होता तिच्या वडिलांच्या वयाची माणसेही. लहानपणापासून ती प्रत्येक गोष्ट दोनदा करीत आली होती. कडी लावून निघाली की वळणावरून परत येऊन कडी पाहायची. शाळेत गणिताचे उत्तर लिहायची, खोडायची, आणि त्यावर दुसरे लिहायची. बाई वही उजेडाकडे धरून म्हणायच्या, "अगं, खालचं बरोबर होतं की!" वर्ग हसायचा. घरी आई म्हणे, "हिच्या हाताचा भरवसा नाही." आई हे रागाने म्हणत नसे, आज हवा कोंदट आहे असे म्हणावे, तशा सुरात म्हणे. रागाने बोललेल्या शब्दाशी मूल भांडू तरी शकते. हवेशी कोण भांडणार?

स्वतःवरचा विश्वास हा माणसाच्या छातीत जन्मतःच असतो किंवा नसतो, असे आपण समजतो. पुष्कळदा तो घरातल्या भांड्यांसारखा असतो. कुणाच्या घरी तो आधीपासूनच मांडणीवर असतो. कुणाला एकेक नग करून जमवावा लागतो, आणि जमवताना आवाज झाला की शेजारी विचारतात, काय पडले?

सासरी तिची ही सवय लपली नाही. दीर जेवताना पहिला घास घेऊन थांबे आणि म्हणे, "वहिनी, आज भाजीत मीठ दोघींचं आहे. एक तुमचं, एक तुमच्या शंकेचं."

"मग पाणी पी दोनदा," तिचा नवरा म्हणे, आणि विषय संपे.

दुकानाचा मागचा भाग म्हणजे एक लांबट, उंच खोली. दोन्ही भिंतींशी लाकडी घोड्यांवर काचा तिरक्या टेकवलेल्या. समोरून पाहिले तर काच दिसतच नसे. कडेने पाहिले तर ती हिरवी दिसे, खोल पाण्यासारखी. दुपारी वरच्या झरोक्यातून ऊन उतरे, एका काचेतून दुसरीत जाई, तिसरीत थोडा वेळ रेंगाळे, आणि मग खोलीत ऊन आहे की उन्हात खोली आहे हे सांगता येत नसे. नवी नवरी असताना ती तिथे उभी राही तेव्हा तिला तिच्याच कितीतरी प्रतिमा एकीमागे एक दिसत, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिकट. सर्वांत मागची तर नुसती कल्पनाच. यांतली कुठली आता घरात जाऊन चूल पेटवणार आहे, असा प्रश्न तिला पडे. आणि हाक आली की त्या सगळ्या एकदमच वळत.

कापण्याचे काम नवऱ्याचे. त्याने रेघ ओढली की रेशीम फाडल्यासारखा एक सलग आवाज होई. पहिली काही वर्षे तिने तो आवाज फक्त ऐकला. मग एके दिवशी तो म्हणाला, "डोळे दुखतात," आणि हिरा तिच्या हातात दिला. दुखऱ्या डोळ्यांनी तो समोरच्या शिंप्याच्या दुकानातले घड्याळ कसे वाचतो, हे कुणी विचारले नाही.

शिकवताना तो म्हणाला होता, "काचेला एकदाच सांगायचं. दोनदा सांगितलं की तिला वाटतं, सांगणाऱ्यालाच ठाऊक नाही."

"आणि एकदा सांगून चुकलं तर?"

"तर तुटेल. काचच आहे, आभाळ नव्हे."

दोघांची कामाची एक रीत बसली. तो लांब पट्टी काचेवर ठेवून दोन्ही हातांनी धरी. ती हिरा रॉकेलमध्ये बुडवून पट्टीला लावी आणि थांबे. तो "हं" म्हणे. त्या हुंकारावर तिचा हात निघे आणि शेवटपर्यंत जाऊनच थांबे. दुसऱ्यांदा रेघ ओढण्याची इच्छा तिला तेव्हाही होई, पण पट्टी उचललेली असे, आणि त्याने हं म्हटले आहे म्हणजे बरोबरच असणार, असे तिने ठरवून टाकले होते. विश्वास होता, तो फक्त तिच्याकडे नव्हता, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होता.

असे बरेच दिवस गेले. मग काचा वाकड्या तुटू लागल्या. फार नाही, चौकटीत बसवताना एका कोपऱ्यात सुतळीएवढी फट राही. गिऱ्हाईक काच परत आणी. दीर कपाळाला हात लावी. नवरा पट्टी भिंतीला टेकवून म्हणे, "काचच खराब आली आहे हल्ली." आणि ती प्रत्येक वेळी म्हणे, "नाही हो, माझाच हात हलला."

हे ती त्याला सांभाळून घेण्यासाठी म्हणत नव्हती. तिला ते खरेच वाटत होते. चूक झाली आहे आणि जवळ आपण उभे आहोत, एवढा पुरावा तिला पुरेसा होता.

त्याच सुमारास वाचनालयाच्या ग्रंथपालबाई दुकानात आल्या. त्यांच्या वाचनकक्षाला कमानदार खिडक्यांची एक रांग होती. तिच्यातल्या जुन्या काचा तोंडाने फुंकून केलेल्या काळातल्या, अंगावर लाटा असलेल्या. एक फुटली होती.

"नवी सपाट बसवा की," दीर म्हणाला. "छान लख्ख दिसेल."

"बसवून पाहिली. वाचणाऱ्यांना त्रास होतो."

"काचेचा त्रास?"

"बाकीच्या खिडक्यांतून रस्ता पाण्याखाली असल्यासारखा दिसतो, म्हणून कुणी मान वर करत नाही. या एकीतून तो खरा दिसतो. सगळे तिकडेच बघत बसतात."

दीर हसला, पण आतून नवऱ्याचा आवाज आला, "धाकट्या, बाबांनी ठेवलेली एक आहे."

ती सर्वांत मागच्या घोड्यावर होती, पोत्यात गुंडाळलेली. पोते काढले तेव्हा खोलीतल्या इतर काचा अचानक फार शहाण्या आणि कोरड्या वाटू लागल्या. या काचेतून पाहिले की भिंत श्वास घेई. मागे उभा असलेला दीर गुडघ्यापासून वर सरळ होता आणि खाली वाहत होता. अशी काच आता कुठे होत नाही. ही एकच होती आणि कमानीच्या मापाला जेमतेम पुरत होती.

ग्रंथपालबाई गेल्यावर दीर म्हणाला, "दादा, हिच्यासाठी कारखान्यातला माणूस बोलावू. वहिनी, राग मानू नका, पण हल्ली तुमचं काही..."

"घरची काच घरात कापली जाईल," नवरा म्हणाला.

"आणि तुटली तर?"

उत्तरही त्यानेच दिले. "तुटली तर मी हे कापायचं टेबल उचलणार. स्पष्टच सांगतो. मापं घ्यायची, कारखान्यात पाठवायची, तयार काचा आणून विकायच्या. बाबांचं नाव वाकड्या काचांवर किती दिवस चालवायचं?"

त्या टेबलाशिवाय नवरा म्हणजे काय उरेल, हे तिला चांगले कळत होते. आपण काय उरू, हा विचार तिने केला नव्हता. तो तिला त्या दिवशी प्रथमच सुचला आणि ती दचकली. म्हणजे या टेबलाशी आपलेही काही आहे तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे भाऊ जेवून पुढच्या भागात कलंडले असताना ती मागे गेली. कमानीचा सराव करावा, एवढाच हेतू होता. तुकड्यांच्या पेटीतून तिने जुने तुकडे काढले. पट्टी धरायला कुणी नव्हते, म्हणून दोन्ही टोकांवर लोखंडी वजने ठेवली. हं म्हणायलाही कुणी नव्हते. ती जरा वेळ उगाच थांबली, आणि मग हात निघाला. काच सरळ तुटली.

तिला संशय आला. काच बरी असेल. तिने परत आलेल्या, वाकड्या गेलेल्या काचेचाच तुकडा घेतला. तोही सरळ तुटला. मग पुठ्ठ्याचा गोल साचा वजनाखाली ठेवून वळणाची रेघ ओढली. ती अंगठीसारखी सुटून आली. ऊन आता तिसऱ्या काचेत आले होते. प्रत्येक तुकड्याच्या कडेवर हिरवी बारीक रेषा पेटत होती, कुठेही न मोडलेली. शाळेतल्या बाईंनी वही उजेडाकडे धरली असती, तर तिथे खोडलेले काही सापडले नसते.

तिने वजनाकडे पाहिले. ते पट्टीच्या ज्या टोकावर होते, तिथे एरवी त्याचा हात असे.

मग एकेक गोष्ट आपली जागा सोडून तिच्यापाशी येऊ लागली, स्वप्नात ओळखीची माणसे येतात तशी, कुणीही काही न बोलता. दोन्ही हातांनी धरलेला चहाचा कप. "तूच लाव गं, नखं लागतात," म्हणून तिच्याकडून लावून घेतलेली शर्टाची बटणे. खिशातून न निघणारा उजवा हात. सही करताना "पेन सुकलंय" म्हणणे. हे सगळे रोज तिच्यासमोर होते. घरातल्या सर्वांसमोर होते. पण घर असे असते, की सगळे मिळून एका गोष्टीभोवती वळसा घालून चालू लागतात, आणि काही दिवसांनी तिथे वळसा आहे हेही कुणाला आठवत नाही. तिच्या बाबतीत तर वळशाची गरजही नव्हती. त्याच्या हाताचा कंप तिने आपल्या नावावर घेऊन टाकला होता.

आत्मविश्वास ही सुखाची गोष्ट आहे, तो आला की माणूस उजळतो, असे सांगितले जाते. तिच्याकडे तो तसा आला नाही. आपला हात चांगला आहे, ही बातमी तिला मिळाली ती त्याचा हात गेला आहे या बातमीच्या पोटातून. एकीवर विश्वास ठेवायचा तर दुसरीवरही ठेवावा लागणार होता. आजवर ती स्वतःवर शंका घेत आली, तिचे एक कारण हेही असेल की शंका स्वस्त होती. तिच्यात दुसऱ्या कुणाला दुखवावे लागत नव्हते.

संध्याकाळी तिने प्रयत्न केला. "अहो, उद्या तुम्ही पुढे बसता का? भाऊजींना जरा मदत होईल."

"का? मी काय आता गिऱ्हाइकांना नमस्कार करायच्या लायकीचा उरलो?"

"तसं नाही. आपलं सहज."

"सहज काय? उद्या काचेशी मी नको?"

"तुम्ही नको कसे? असंच म्हटलं." ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तीच ताटली पुसत राहिली.

सकाळी काच टेबलावर आडवी झाली. तिच्या लाटांवरून झरोक्यातला उजेड सावकाश सरकत होता, जणू टेबलावर काच नव्हती, एखादी झोपलेली नदी होती. खाली कागदावर कमान काढून वर काच ठेवण्याची सोय नव्हती. खालची रेषा लाटांतून पाहिली की पोहू लागे. म्हणून पुठ्ठ्याचा साचा काचेवरच ठेवायचा, आणि तो कुणीतरी घट्ट धरायचा. नवऱ्याने बाह्या सारल्या आणि साच्यावर दोन्ही हात ठेवले. दीर पडद्याशी उभा होता.

तिने हिरा बुडवला. टोक साच्याच्या कडेला लावले. आणि त्या शांततेत एक बारीकसा आवाज ऐकू आला. पुठ्ठ्याची कड काचेवर थरथरत होती. टिकटिक, टिकटिक, झाकणाखाली सापडलेल्या किड्यासारखी. दिराने खाली पाहिले.

"हं," नवरा म्हणाला.

तिचा हात निघाला नाही.

"हं म्हटलं ना मी!"

"हात काढा," ती म्हणाली.

"काय?"

"साच्यावरचा हात काढा. तुमचा हात हलतो."

"माझा?"

"तुमचा."

मला वाटतं, असे जोडून तिला म्हणता आले असते. बहुतेक, कदाचित, माझाही हलत असेल. हे सगळे शब्द ओठांपर्यंत आले, तिच्या जन्माचे सोबती, प्रत्येक वाक्यावर दुसरी रेघ ओढणारे. तिने त्यांना तिथेच थांबवले. वाक्य जसे बोलले गेले होते तसे टेबलावर राहू दिले.

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात उचलले, एका वेळी एक, आणि पडदा सारून पुढे गेला. पायरीवर बसल्याचा आवाज झाला.

"वहिनी," दीर हलक्या आवाजात म्हणाला, "हे असं तोंडावर..."

"भाऊजी, पडदा सोडा. धूळ येते."

तिने साच्यावर वजने ठेवली. आणि मग बाजार, पायरी, कारखाना सगळे लांब गेले. चाक काचेवर टेकले तेव्हा ते सपाटीवर नव्हते. लाटेवर चढत होते आणि उतरत होते, आणि तिचे मनगटही त्याबरोबर चढत-उतरत होते, झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवल्यावर आपला हात हलतो तसे. रेशीम फाटत गेले. कमानीच्या उतारावर, एका लाटेच्या खोलगटात, आवाज क्षणभर पुसट झाला. चाक तिथे नीट टेकले नव्हते. हात पुढे गेला, शेवटाला पोहोचला, आणि थांबला.

मागे त्या जागेकडे जाण्याची ओढ तिला लागली. फक्त तेवढ्याच बोटभर जागेवर. कुणाला कळणारही नव्हते. वजने अजून तिथेच होती, हिरा अजून ओला होता. ही काच गेली तर टेबल जाईल. काय करणार ते तिला ठाऊक होते आणि तरीही भीती गेली नव्हती. भीती जाण्याची वाट पाहत बसणे तेवढे तिने सोडले. तिने हिरा खाली ठेवला. साचा उचलला. काच टेबलाच्या कडेवर घेऊन खालून हलकेच ठोकू लागली, आणि रेघेतून उजेडाची एक वाट पुढे पुढे धावू लागली. ती खोलगटापाशी अडखळली. मग पलीकडे गेली. तिने दोन्ही हातांनी दाब दिला.

कमान सुटून आली. खोलगटापाशी कडेचा एक लहानसा टवका उडाला होता, चौकटीत झाकला जाईल एवढा.

तिला जिंकल्यासारखे वाटले नाही. तुटली असती तर ती तिच्या हातून तुटली असती. नीट निघाली होती ती तिच्या हातून निघाली होती. हे दोन्ही एकाच हाताचे होते, आणि तो हात ओळखीचा वाटत होता, एवढेच.

पुढे तो पायरीवर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ती शेजारी बसली. समोरचा शिंपी मशीन चालवता चालवता थांबला आणि पुन्हा चालवू लागला.

"निघाली?" नवऱ्याने विचारले.

"निघाली. एक टवका उडाला. चौकटीत जाईल."

"उतारावर? खोलगटात?"

"हो."

"तिथं माझाही उडाला असता."

मग तोच म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"काल दुपारी. तुम्हाला?"

"चहाच्या कपाला आधी कळलं. मग मला."

"आणि एवढ्या काचा मी माझ्या नावावर घेतल्या त्या?"

"तू घेत होतीस," तो म्हणाला. मग मान हलवून, स्वतःलाच दुरुस्त केल्यासारखा, "मी घेऊ दिल्या. ते वाईट केलं."

"हो. वाईट केलंत."

त्याने तिच्याकडे पाहिले. ती पुढे काही जोडेल, मऊ करील, अशी त्याला सवय होती. तिने जोडले नाही. मात्र त्याचा उजवा हात मांडीखालून ओढून काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला. तो तिथे उघड्यावर, बाजाराच्या समोर, थरथरत राहिला.

"खिडकीत बसवायला जाशील तेव्हा शिडी कोण धरणार?" त्याने विचारले.

"भाऊजी. तुम्ही धरलीत तर मी वर नाचत बसेन."

मग त्याच्या घशातून काहीतरी निघाले, ते हसू आहे हे दोघांनाही जरा उशिरा कळले. शिंप्याने पुन्हा मशीन थांबवले. दीर पडदा सारून धावत बाहेर आला. "हसताय काय? फुटली का?"

"आत चल," नवरा म्हणाला. "उभी करायची आहे ना तिला? मी वाट मोकळी करतो, तुम्ही दोघं उचला."

त्यांनी काच उचलली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला दीर. नवरा पुढे होऊन वाटेतल्या पेट्या पायाने सारत होता, आणि क्षणभर तो काचेच्या पलीकडे आला. लाटांतून पाहताना तो सगळाच हलत होता, खांदे, कपाळ, मागची भिंत, भिंतीवरचे ऊन. दुसऱ्या कुणाला त्याचा हात त्यांतून निराळा काढता आला नसता. तिला तो काढता येत होता. तिने पाय रोवले.

"डावीकडे घ्या," ती म्हणाली, आणि दोघेही भाऊ डावीकडे सरकले.